टर्की घ्यावी कोणती?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. पण दुकानातल्या फ्रीजरसमोर उभं राहून इतिहासाचा पेपर सोडवावा लागेल, असं कधी वाटलं नव्हतं. २०१९ च्या नोव्हेंबरात मी अमेरिकेत, न्यू जर्सीला लेकीकडे होते. जावई तिथलेच, अमेरिकन. त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतो, आभार मानण्याचा सण. लांबलांबची माणसं विमानं पकडून घरी येतात, सगळे एका टेबलाशी जेवतात आणि मधोमध अख्खी भाजलेली टर्की लागतेच. त्या वर्षी हे जेवण पहिल्यांदाच माझ्या लेकीकडे होतं. माणसं चौदा. त्यांत जावयांची नव्वद वर्षांची आजी, मिसूरी राज्यातल्या शेतावर वाढलेली. ही आजी दरवर्षी जेवताना एक वाक्य हमखास बोलते, असं जावयांनी सांगून ठेवलं होतं. "हल्लीच्या टर्कीला चव म्हणून नाही."

झालं! लेकीनं ते मनावर घेतलं. पहिलंच जेवण, सासरची सगळी माणसं, त्यात आजी. टर्की अशी हवी की आजीनं ते वाक्य गिळलं पाहिजे.

सणाच्या आठ-दहा दिवस आधी आम्ही तिघं दुकानात गेलो. आपल्याकडे कोंबडी घ्यायची तर प्रश्न एकच, गावठी की ब्रॉयलर? मी कोकणातली. वड्यांबरोबर करायची तर गावठी, आणि घाई असली तर ब्रॉयलर, एवढं मला लहानपणापासून कळतं. तिथे मात्र पाट्या वाचता वाचता माझा चष्मा दोनदा पुसून झाला. एक टर्की गोठवलेली, दगडासारखी. पौंडाला डॉलरच्या आत. दुसरी ताजी, थोडी महाग. तिसरीच्या अंगात मिठाचं पाणी टोचून भरलेलं, भाजताना कोरडी पडू नये म्हणून; ते किती टक्के, हे पिशवीवर छापावं लागतं. चौथी कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे कापून, मीठ लावून धुतलेली. पाचवीवर लिहिलेलं, 'हार्मोन न देता वाढवलेली'. आणि सहावी दुकानात नव्हतीच, तिचा नुसता कागद लावलेला होता. नाव 'हेरिटेज'. आपल्याकडे वारसा म्हटलं की वाडे आणि किल्ले आठवतात. तिथे पक्ष्यालाही वारसा! ही आगाऊ नोंदवावी लागते आणि भाव साध्या टर्कीच्या आठपट.

पाचव्या पाटीची गंमत सांगते. अमेरिकेत कोंबड्या-टर्क्यांना हार्मोन द्यायला सरकारची बंदीच आहे, गेली कित्येक दशकं. म्हणजे हार्मोनवर वाढवलेली टर्की बाजारात नसतेच. म्हणून ते वाक्य छापलं, तर खाली बंदीची ओळही छापावी लागते. जावयांनी ती बारीक ओळ मला बोटानं दाखवली आणि म्हणाले, "आई, हे पाणी ओलं आहे असं लिहिण्यासारखं आहे." 'ताजी' हा शब्दही तसा साधा नाही. पूर्वी शून्य अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे १८ सेल्सिअसच्या, वर ठेवलेली टर्की ताजी म्हणून विकता येत असे. टेबलावर आपटली तर टेबल फुटेल अशी 'ताजी' टर्की लोक घरी नेत होते. ओरड झाली आणि डिसेंबर १९९७ पासून नियम आला, की २६ अंश फॅरनहाइटच्या, साधारण उणे ३ सेल्सिअसच्या, खाली जी कधीच गेली नाही तीच ताजी.

घरी परतताना गाडीत तीन मतं होती. जावई म्हणत होते, गोठवलेली घ्या, चौदा माणसांना वीस डॉलरच्या आत भागतं. लेकीला हेरिटेज हवी होती. मी अर्थात लेकीच्या बाजूनं. इतिहासाची मास्तरीण जुन्याच्या बाजूनं उभी राहणार नाही तर कोण राहणार? मात्र पैसे देण्याआधी त्या जुन्याची हकिगत तरी पाहू, म्हणून मी वाचायला बसले.

पहिला धक्का असा, की ज्या जेवणापासून हा सण मोजतात त्या जेवणात टर्की होती की नाही, ते सांगता येत नाही. १६२१ साली मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर प्लिमथ इथे इंग्रज वसाहतवाले आणि वाम्पानोआग जमातीचे सुमारे नव्वद पुरुष तीन दिवस एकत्र जेवले. त्या वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात त्याचं वर्णन आहे. चार माणसांनी जाऊन पाखरं मारून आणली आणि वाम्पानोआगांनी पाच हरणं आणली, असं त्यात आहे. पाखरं कोणती, ते त्यानं लिहिलेलं नाही. बदकं असतील, हंस असतील. त्या हंगामात रानटी टर्क्या पुष्कळ मिळाल्या, असं गव्हर्नर ब्रॅडफर्डनं लिहून ठेवलंय, पण ते त्या जेवणाविषयी नाही.

टर्कीला टेबलाच्या मधोमध नेऊन ठेवण्यात मोठा वाटा आहे तो सारा जोसेफा हेल या लेखिकेचा. १८२७ च्या आपल्या 'नॉर्थवुड' या कादंबरीत तिनं थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचं भरभरून वर्णन केलं आणि भाजलेल्या टर्कीला मानाचं पान दिलं. पुढे मासिकाची संपादक झाल्यावर, हा सण सगळ्या देशानं एकाच दिवशी पाळावा म्हणून ती वर्षानुवर्षं गव्हर्नरांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहीत राहिली. अखेर १८६३ साली, यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकननं नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. चौथा गुरुवार कायद्यानं ठरला तो १९४१ मध्ये.

टर्कीच का, याचं उत्तर मात्र शेतात सापडतं. गाय दूध देते, कोंबडी वर्षभर अंडी देते. त्यांना कापणं जिवावर येतं. टर्की वसंतात अंड्यातून बाहेर येते, उन्हाळाभर शेतात टोळ आणि सांडलेलं धान्य खात हिंडते, आणि सुगी संपते त्याच सुमाराला भरते. एका पक्ष्यात सगळं घर जेवतं. सणाला याहून सोयीचा पक्षी कुठला?

आणि हा पक्षी फिरला तरी किती! त्याला माणसाळवलं ते मेक्सिकोतल्या लोकांनी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तिथे हा आला कुठून याचा कुणालाच नीट पत्ता नाही. इंग्रजांना वाटलं तुर्कस्तानातून, म्हणून टर्की. तुर्कांनी त्याला नाव दिलं 'हिंदी'. फ्रेंचांचं 'दँद' म्हणजे हिंदुस्थानचा. डच तर त्याला 'काल्कून' म्हणतात, म्हणजे थेट आपल्या कालिकतचा! पोर्तुगीजांनी 'पेरू' म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या त्या देशावर टाकला. मेक्सिकोचं नाव कुणाच्याच तोंडी नाही.

हिंदुस्थानचा म्हणवणारा हा पक्षी हिंदुस्थानात खरोखर आला तो पोर्तुगीजांच्या हातून, गोव्याला. १६१२ साली बादशहा जहांगीरचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून काही अजब चिजा घेऊन दरबारी आला. त्यांत ही टर्की होती. जहांगीर पक्का निरीक्षक. मोराहून लहान, लांडोरीहून मोठा, आणि डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे घटकेघटकेला बदलतात, अशी नोंद त्यानं आत्मचरित्रात केली आणि चित्रकारांना चित्रं काढायला बसवलं. उस्ताद मन्सूरच्या हातचं म्हणून ओळखलं जाणारं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गळ्याखालची ती लाल लोंबती कातडी त्यानं अशी रंगवलीय की हात लावावासा वाटतो. आमच्या अंगणात पोचूनही टर्की आमच्या रोजच्या जेवणात काही शिरली नाही, हा भाग वेगळा. गोव्यातल्या काही ख्रिस्ती घरांत नाताळला मसाला भरून ती होते, तेवढीच.

इंग्लंडात मात्र ती नाताळची झाली. डॅनिएल डीफो, 'रॉबिन्सन क्रूसो'वाला, १७२४ मध्ये लिहितो, की एका हंगामात टर्कींचे तीनशे कळप स्टूर नदीवरच्या एकाच पुलावरून लंडनकडे चालत जातात. चालत, बरं का! कळपात तीनशेपासून हजारपर्यंत पक्षी. सरासरी पाचशे धरले तर दीड लाख होतात, असा त्याचा हिशेब. आळंदीची वारी डोळ्यांसमोर आणा. फक्त या वारीतून परत कुणी येत नसे. पुढे अमेरिकेतही व्हरमाँटच्या डोंगरांतून बॉस्टनच्या बाजाराला टर्क्या अशाच हाकत नेत.

इंग्रज वसाहतवाल्यांनी हीच पाळीव टर्की जहाजातून अमेरिकेत परत नेली. तिथल्या रानटी टर्कीशी तिचा संकर झाला आणि एकेका भागाची एकेक जात तयार झाली. तांबूस-हिरवी झाक मारणारी ब्राँझ, ऱ्होड आयलंडची नॅरागॅन्सेट, केंटकीची लालसर बोर्बन रेड, राखी रंगाची स्लेट, पांढरी व्हाइट हॉलंड. यांतली ब्राँझ सगळ्यांत लाडकी. आजीच्या लहानपणीच्या टर्क्या या ब्राँझच. आज हेरिटेज म्हणतात ते या जुन्या जातींना. अटी तीन. पक्ष्यांची वीण निसर्गानं झाली पाहिजे, पक्षी उघड्यावर पुष्कळ वर्षं जगण्याइतका काटक पाहिजे, आणि वाढ सावकाश, म्हणजे विकायच्या वजनाला यायला सुमारे अठ्ठावीस आठवडे.

मग या जाती गेल्या कुठे? माझ्या मनात याचं उत्तर आधीच तयार होतं. कुणा कारखानदारानं नफ्यासाठी त्यांचा गळा घोटला असणार. वाचलं तर गोष्ट निराळी निघाली.

१९३० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या शेतीखात्यानं गिऱ्हाइकांनाच विचारलं, तुम्हाला कशी टर्की हवी? १९३६ च्या पाहणीत शंभरातले सत्त्याऐंशी म्हणाले, आठ ते पंधरा पौंडांची. म्हणजे साडेतीन ते सात किलो. घरं लहान झाली होती, माणसं शहरात फ्लॅटमध्ये राहायला आली होती. शेतावरच्या चुलाण्यात मावणारा पक्षी गॅसच्या भट्टीत मावेना आणि नव्या फ्रिजचं दार लागेना. शिवाय छातीवर मांस भरपूर हवं होतं आणि पिसं पांढरी हवी होती. खायचा पक्षी, पिसांच्या रंगाशी काय घेणं? तर ब्राँझ टर्कीची मोठी पिसं उपटली तरी कातडीत बारीक काळे कोंब राहतात आणि ते ओढताना शाईसारखा डाग पडतो. भाजलेला पक्षी ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. पांढऱ्या पक्ष्याचे कोंब राहिले तरी दिसत नाहीत.

मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी संशोधन केंद्रात १९३४ पासूनच यावर काम चालू होतं. अनेक जातींचा, अगदी रानटी टर्कीचाही, संकर करत त्यांनी लोकांना हवी तशी टर्की बनवून दिली. नाव 'बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट'. लहान, पांढरी, मांसल. १९४० आणि ५० च्या दशकांत ती लाखांनी खपली. १९५१ साली तिला जात म्हणून रीतसर मान्यताही मिळाली. आणि १९७० च्या दशकापर्यंत ती जवळजवळ नाहीशी झाली! लोकांनी मागितलेली, लोकांना आवडलेली टर्की वीस-पंचवीस वर्षांत संपली.

संपवली ती रुंद छातीच्या पांढऱ्या टर्कीनं. इंग्लंडहून कॅनडामार्गे आलेल्या रुंद छातीच्या पक्ष्यांचं रक्त आणि पांढरा रंग एकत्र आणून ही बनवली. ती झपाट्यानं वाढते. हॉटेलांना मोठी हवी तर मोठी होऊ द्यायची, घराला लहान हवी तर कोवळी असतानाच कापायची. मग लहान जात वेगळी कशाला पोसायची? १९३० च्या सुमारास बाजारात येणारी टर्की सरासरी तेरा पौंडांची होती. आज ती सरासरी तीस पौंडांच्या वर आहे. मोठ्या नरांचं मांस कापून पाकिटांतून विकतात, अख्खी विकतात ती बहुधा मादी. छाती इतकी अवजड, की नर-मादीचा नैसर्गिक संबंध होऊच शकत नाही. प्रत्येक अंडं कृत्रिम रेतनाचं. माणसानं हात काढून घेतला तर ही जात एका पिढीत संपेल.

आणि जुन्या जाती? १९९७ साली एका संवर्धन संस्थेनं मोजदाद केली, तेव्हा सगळ्या जुन्या जातींचे मिळून विणीचे पक्षी भरले १,३३५. कोट्यवधी टर्क्या पोसणाऱ्या देशात! कॅन्ससमधल्या फ्रँक रीझसारख्या मोजक्या शेतकऱ्यांनी हट्टानं जुने कळप सांभाळले होते. २००० नंतर 'स्लो फूड' चळवळीनं गिऱ्हाइकं मिळवून दिली आणि संख्या काही पटींनी वाढली. म्हणजे वाघ वाचवायचा तर तो मारायचा नाही, पण टर्कीची जात वाचवायची तर ती खायची. कुणी खाल्ली नाही तर कुणी पाळणार नाही.

हे मी रात्री जेवताना सांगितलं. जावई थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ठीक आहे आई, वारसा खाऊ." पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावरून चौदा पौंडांची ब्राँझ नोंदवली. किंमत सांगत नाही. तेवढ्यात माझी पैठणी आली नसती, पण काठ आला असता.

गोठवलेली नसल्यानं एक कटकट वाचली. गोठवलेली नऊ किलोची टर्की फ्रिजमध्ये सुटी व्हायला चार-पाच दिवस लागतात. सणाच्या सकाळी हे ज्यांच्या लक्षात येतं त्यांच्यासाठी बटरबॉल कंपनी १९८१ पासून फोनवर सल्ला देते. पहिल्याच वर्षी सहा बायकांनी अकरा हजार फोन घेतले म्हणे.

गुरुवारी दुपारी टर्की टेबलावर आली. छाती चपटी, तंगड्या लांब. शेजारच्या घरातल्या पांढऱ्या टर्कीपुढे ती कुपोषित वाटली असती. पहिलं पान आजीला वाढलं. सगळे बघताहेत. आजींनी घास घेतला, सावकाश चावला, आणि म्हणाल्या, "हीच. हीच ती चव." लेकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी मनातल्या मनात इतिहासाला दहापैकी दहा देऊन टाकले.

मग आजींनी पानातल्या कातडीकडे निरखून पाहिलं. तिथे एक बारीक काळा ठिपका होता. त्यांनी अंगठ्याच्या नखानं तो सराईतपणे खरवडून काढला आणि ताटाच्या कडेला पुसला. आणि बोलू लागल्या.

टर्क्या त्यांच्या आईच्या. त्यांच्या शेतावर टर्कीचा पैसा हा घरच्या बाईचा पैसा असे; त्यातून मुलांचे बूट यायचे. नोव्हेंबरात आई आणि दोघी बहिणी गोठ्यात बसत. गरम पाण्यात बुडवलेला पक्षी, बाहेर गारठा, आणि चाकूची बोथट धार नि अंगठा यांच्या चिमटीत एकेक काळा कोंब. व्यापारी ठिपके बघून भाव पाडायचा. आजी तेव्हा दहा वर्षांच्या. बोटं फुटायची, रात्री आई त्यांना चरबी चोळायची. "शेजाऱ्याकडे पांढऱ्या टर्क्या आल्या तेव्हा मला देव भेटला," आजी म्हणाल्या. लग्न होऊन गावात आल्यावर त्यांनी साठ वर्षं गोठवलेली पांढरी टर्कीच विकत घेतली. एकदाही चुकलं असं वाटलं नाही.

मी विचारलं, "मग दरवर्षी चव नाही म्हणता ते?"

"नाहीच आहे," आजी म्हणाल्या आणि आणखी एक तंगडी मागून घेतली.

बेल्ट्सव्हिलच्या पाहणीतले ते सत्त्याऐंशी टक्के मी आकडा म्हणून वाचले होते. त्यांतल्या पुष्कळजणींच्या बोटांना चरबी लागलेली असणार, हे मला सुचलं नव्हतं. माझ्या आईला मिक्सर आला तेव्हा तिनं पाटा-वरवंटा अंगणात नेऊन टाकला होता आणि वाटणाला पूर्वीची चव नाही म्हणून तक्रार मी करत होते, तिनं कधी केली नाही.

पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, करोना आला आणि कुणी कुणाकडे गेलंच नाही. लेकीनं दुकानातून फोन केला. घराघरांत दोन-दोन, चार-चार माणसं, त्यामुळे सगळ्यांना लहान टर्की हवी होती आणि लहान टर्की कुठेच उरली नव्हती. "तुझी ती बेल्ट्सव्हिलवाली असती तर बरं झालं असतं गं, आई," ती म्हणाली. शेवटी तिनं नुसत्या छातीचा एक तुकडा आणला. संध्याकाळी आजींना फोन केला तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

"पांढरीच घेतलीस ना?"